न टाकलेला फ्यूज

प्रल्हाद,

तुझ्या तेरवीच्या पंगतीत लोक तुला हसले. मनात वाईट ठेवून हसले असं नाही. बडनेऱ्याचा एक वायरिंगवाला वरणभात कालवता कालवता म्हणाला, "सत्त्याऐंशी मास्तर गेले बाप्पा. आता रिलेचे पाय कोन रंगवन?" त्याच्या बाजूचे चार-पाच जण हसले. वाढणारा हसला. मीही हसलो. चेहरा आपोआप तसा झाला, कारण बारा वर्षं तो तसाच होत आला आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. तू गाडीत रिले, म्हणजे दिव्यांचा करंट जोडणारी ती छोटी डबी, बसवताना तिच्या दोन पायांना नखपॉलिश लावायचास. तीस नंबरच्या पायाला लाल, सत्त्याऐंशीला पांढरं. मग तीनदा वाकून बघायचास. गिऱ्हाइकाला दाखवायचास. गिऱ्हाइकाचा खोळंबा व्हायचा, त्याला सांगायचास, "हे दोन उलटे झाले तं गाडी जळते." अमरावतीत ज्याने ज्याने वर्षभर हातात पक्कड धरली आहे, त्याला हे चूक आहे हे माहीत आहे. चार पायांच्या साध्या रिलेत तीस आणि सत्त्याऐंशी उलटे लावले तरी दिवा तसाच लागतो, काहीही जळत नाही. म्हणून तुझं नाव सत्त्याऐंशी मास्तर पडलं. म्हणून तुझ्याकडची गाडी माणसं दुसरीकडे न्यायला लागली.

ते खोटं तुझ्या डोक्यात कोणी घातलं, हे एकाच माणसाला माहीत होतं. त्यानेच घातलं होतं. हसायचं असेल तर आता त्याला हसावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

तुला रिले कळत नव्हता असं नाही. मलाच कळत नव्हता. मी तिवशाहून अकोल्याला आलो तेव्हा उस्तादांच्या दुकानात तू माझ्या दोन वर्षं पुढे होतास. मी वायर जोडायचो, दिवा लागला की खूश व्हायचो, का लागला ते विचारायचो नाही. तू विचारायचास. एका जळालेल्या स्विचचं वितळलेलं प्लास्टिक माझ्या तळहातावर ठेवून म्हणालास, "हे काहून वितळलं सांग." मी म्हणालो, खराब माल असेल. तू म्हणालास, "माल चांगला आहे. दोन मोठ्या दिव्यांचा करंट या इवल्याशा स्विचमधून नेला आपण. त्यानं किती सोसावं?"

मग तू रिले उघडून दाखवलास. आतली तांब्याची बारीक गुंडाळी, वरची पत्ती, टक् करून मिटणारी.

"आपल्या घरी आजा ओट्यावर बसून नुसता खाकरते का नाई? तो उठत नाई, काही नाई. पन त्याचं खाकरनं आयकलं का घरातले चार जन कामाले लागते. पंच्याऐंशी-शहाऐंशी नंबरचे पाय म्हंजे ते खाकरनं. स्विचमधून तेवढंच जाते. तीस-सत्त्याऐंशी म्हंजे कामाले लागणारे चार जन. तीसवर बॅटरी, सत्त्याऐंशीवर दिवा. जड काम त्यायनं करायचं."

"अन् फ्यूज?" मी विचारलं.

"फ्यूज म्हंजे घरातली बाई. घर जळाच्या आंदी तेच जळते, म्हनून घर वाचते."

मंदावहिनी तेव्हा डबा घेऊन दाराशी उभ्या होत्या. तुमच्या लग्नाला वर्ष झालं नसेल. त्या म्हणाल्या, "हाव. अन् मंग तिले काढून दुसरी लावता." आपण दोघंही हसलो. मला आजपर्यंत रिले त्याहून चांगला कोणी समजावून सांगितला नाही. माझ्या दुकानात जे शिकून गेले त्या सगळ्यांना मी आजा आणि खाकरणं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही.

नंतर मूर्तिजापूर रोडवर आपण दोघांनी दुकान टाकलं. दोघांचं वागणं ठरलेलं होतं. ज्याने गाडी हातात घेतली त्यानेच ती पुरी करायची, दुसऱ्याने मध्ये हात घालायचा नाही. आणि गाडी बाहेर काढताना दुसऱ्याने एकच विचारायचं: "फ्यूज टाकला का?" टाकला म्हटलं की संपलं. पुन्हा बोनेट उघडून बघायचं नाही. भागीदाराने टाकला म्हटल्यावर बोनेट उघडणं म्हणजे त्याला खोटा म्हणणं. गावातली बाकीची दुकानं आपली चेष्टा करायची, पण आपल्याला त्याचा अभिमान होता. मला तर फार होता.

शेषराव बार्शीटाकळीहून पिकअप घेऊन आले तो दिवस तुला आठवत होता तसाच मलाही आठवतो. फक्त मला त्यातला थोडा भाग जास्त आठवतो. त्यांची वांग्यांची, सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची बाग होती, माल घेऊन ते अमरावतीच्या बाजारात जायचे. दिवे मंद पडतात, स्विच हाताला चटका देतो, अशी तक्रार होती. गाडी तू घेतलीस. दुपारभर काम केलंस. दोन रिले, जाड वायर, वायर जिथे पत्र्याला लागेल तिथे रबरी नळी, आणि बॅटरीपासून एका विताच्या आत फ्यूज होल्डर. फ्यूज वीतभराच्या आतच पाहिजे, हा तुझा हट्ट. त्याच्या पुढची वायर कितीही लांब जाऊ दे, घासू दे, तुटू दे, काही झालं तर फ्यूज उडेल आणि दिवे विझतील, एवढंच होईल, असं तुझं म्हणणं.

काम संपत आलं आणि वहिनींना अकोटच्या एसटीत बसवून द्यायचं होतं. त्यांच्या आईला बरं नव्हतं. तू निघताना म्हणालास, "होल्डर ढिला आहे, दिवे फडफडतात. मी येताना नवा आनतो. गाडी सोडू नको."

तू गेलास आणि शेषराव घड्याळ बघायला लागले. "सांबार सुकून राहिला विलासभाऊ. अजून किती वेळ? तुमचा पार्टनर गाडी दुरुस्त करून राहिला का पूजा करून राहिला?"

हे मला आवडलं. खरं सांगतो, त्यांनी तुला हसावं हे मला आवडलं. दोन वर्षं मी ऐकत होतो की प्रल्हादचं काम पक्कं आहे, गाडी प्रल्हादलाच दाखवा. माझं काम झपाट्याचं होतं, पण माझं नाव कोणी घेत नव्हतं. मी म्हणालो, "पाच मिनिटं द्या." तुझ्या गाडीत हात घातला. ढिला होल्डर कापून फेकला, वायरीच्या टोकाला लग म्हणजे धातूची कडी लावली आणि वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलला बांधली. होल्डर गेला तशी वायर एक वीत कमी पडली. मी ती ओढून सरळ नेली, तुझ्या रबरी नळीतून काढून, पत्र्याच्या काठावरून. ताणून बसली. दिवे लख्ख लागले. शेषराव म्हणाले, "आता कसं. हे पहिलेच नसतं केलं काय?"

तू परत आलास तेव्हा तुझ्या हातात नवा होल्डर होता. पिकअपची जागा रिकामी होती.

"गेली?"

"गेली."

"फ्यूज टाकला का?"

"टाकला."

तू होल्डर खणात ठेवलास आणि हात धुवायला गेलास.

दिवेलागणीला मूर्तिजापूरच्या अलीकडे पिकअप पेटली. शेषराव उडी मारून बाहेर पडले, त्यांना काही झालं नव्हतं. पण त्यांनी आग विझवून माल वाचवायचा म्हणून उघड्या हातांनी बोनेट उचललं. उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. डाव्या तळव्याची कातडी गेली. स्टिअरिंग त्यांना पुन्हा कधी धरता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला न सांगता मूर्तिजापूरला गेलो. जळालेली गाडी रस्त्याच्या कडेला होती. बॅटरीच्या टर्मिनलला माझं लग तसंच होतं, वितळलेल्या वायरीचा काळा शेंडा धरून. मी वायरीचा पीळ डावीकडून घालतो, तू उजवीकडून. कोणत्याही वायरिंगवाल्याने ओळखलं असतं. मी दहा नंबरच्या पान्याने ते खोललं आणि खिशात टाकलं. तुला येऊन सांगितलं, पाहण्यासारखं काही उरलं नाही, जाऊ नकोस.

तू गेला नाहीस. याचा मला आजही राग आहे, प्रल्हाद. तू गेला असतास तर तुला कळलं असतं. लग काढून नेलेलं टर्मिनल दिसलं असतं, होल्डरची राख कुठे नाही हे दिसलं असतं. तुझ्यासारख्याला तेवढं पुरे होतं. पण मी म्हणालो म्हणून तू बोनेट उघडलं नाहीस. मला खोटा म्हणायचं तुला जमलं नाही. एवढ्या हुशार माणसाने एवढं मूर्ख का असावं, हे मी पुष्कळदा मनातल्या मनात तुला विचारलं आहे. चूक तुझ्या गळ्यात घालायला मी अजूनही जागा शोधत असतो.

शेषराव दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळून दुकानात आले. ओरडले नाहीत. उभे राहूनच विचारलं, "वायरिंग कोनं केली?"

मी म्हणालो, "वायरिंग प्रल्हादनं केली."

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी ते वाक्य रात्रभर तयार केलं होतं असं नाही, ते आपोआप आलं, इतकं गुळगुळीत की मलाच आश्चर्य वाटलं. तू माझ्याकडे पाहिलंससुद्धा नाही. मान खाली घालून म्हणालास, "हाव. मी केली."

त्यानंतर दोन महिने तू झोपला नाहीस, असं वहिनी सांगायच्या. तुला शिक्षेची भीती नव्हती. तुला कळत नव्हतं. दुकानात कागदावर तू ती वायरिंग पुन्हा पुन्हा काढायचास. बॅटरी, फ्यूज, तीस, सत्त्याऐंशी, दिवा. "फ्यूज होता, तं जळली कशी?" हे तू दिवसातून दहा वेळा म्हणायचास. तुझ्या गणितातला एक आकडा खोटा होता आणि तो मी दिला होता. बाकी सगळं तू तपासलंस, तो आकडा तपासला नाहीस. शेवटी एक दिवस मी वैतागलो. तुझं ते पुटपुटणं मला सहन होईना. मी म्हणालो, "अबे, तू तीस अन् सत्त्याऐंशी उलटे लावले होते. मी पाह्यलं होतं. बोललो नाई तुले वाईट वाटन म्हनून."

तू थांबलास. "उलटे लावले तं काय होते?"

"पत्ती चिकटते. मंग रिलेच पेटते. फ्यूजले कळतच नाई."

हे मी उभ्या उभ्या रचलं. तू कितीतरी वेळ त्या कागदाकडे पाहिलंस. आणि मग तुझा चेहरा सैल झाला. तुला बरं वाटलं, प्रल्हाद. दोन महिन्यांनी पहिल्यांदा तुला काहीतरी कळलं होतं. तू म्हणालास, "बरं झालं सांगतलं विल्या. मी तं पागल होऊन राहिलो होतो." आणि दुकानाचं नाव खराब व्हायला नको म्हणून तूच म्हणालास, मी जाऊ का? मी तुला थांबवलं नाही. "तुयी मर्जी," म्हणालो. दुकानाची पाटी तशीच राहिली. फक्त तुझं नाव मी पत्र्याच्या रंगाने पुसलं. उन्हात बघितलं तर अजून खालून दिसतं.

अमरावतीत तू टिनाच्या शेडमध्ये बसायला लागलास. नखपॉलिशची बाटली तिथूनच सुरू झाली. तू एकेकाला धरून सांगायला लागलास, कारण तुला खरंच वाटत होतं की तू एका माणसाचे हात जाळलेस आणि आणखी कोणी जाळू नयेत. पोरं हसायची. तुझ्यासमोर उलटं लावून दिवा लावून दाखवायची. तू म्हणायचास, "लागते, पन कदी ना कदी पेटते."

एकदा स्पेअर पार्टच्या एका दुकानदाराने अमरावतीत सगळ्या वायरिंगवाल्यांना जेवायला बोलावलं होतं. कोणीतरी मला विचारलं, "विलासभाऊ, हा तुमचा पार्टनर होता ना? हे तीस-सत्त्याऐंशीचं काय भूत आहे त्याच्या डोक्यात?"

मी म्हणालो, "त्याले पहिलेपासूनच थोडं उशिरा समजते."

तू मागे ताट घेऊन उभा होतास. मला वाटलं आता तू काहीतरी बोलशील. तू पुढे आलास आणि हसून त्या माणसाला म्हणालास, "हाव ना. मले जरा उशिराच समजते. विल्यानं सांगतलं तवा समजलं." आणि माझ्या ताटात तुझ्या ताटातली बुंदी वाढलीस, कारण माझ्याकडची संपली होती. ती मी खाल्ली.

त्या जेवणानंतर काही दिवसांनी तुझा फोन आला. आवाज चढलेला होता, आनंदाने. तू प्लायवूडच्या तुकड्यावर बॅटरी, फ्यूज, रिले आणि हेडलाइटचा दिवा बसवला होतास. मुद्दाम तीस आणि सत्त्याऐंशी उलटे. "दोन दिवस झाले, चालू आहे. हात लावून पाह्यला, गरमसुद्धा नाई. पत्ती चिकटत नाई विल्या. मंग गाडी कशानं जळली?"

त्या वेळी तू खऱ्याच्या दाराशी येऊन उभा होतास, मला फक्त दार उघडायचं होतं. बारा वर्षांत एवढं सोपं पुन्हा कधी नव्हतं. मी म्हणालो, "टेबलावर नाई होत. गाडीत हादरे असते. हादऱ्यानं चिकटते."

मग तू म्हणालास, "असन. तुले गाड्यायचा अनुभव जास्त आहे."

तुझ्या डोळ्यांसमोर दिवा जळत होता. तू माझं ऐकलंस.

गेल्या महिन्यात तुला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी तीनदा अमरावतीला आलो. दोनदा दवाखान्याच्या फाटकातून परतलो, हे तुला माहीत नाही. तिसऱ्यांदा वर आलो ते सांगायचंच ठरवून. दुपार होती. तुझ्या डाव्या हातात सलाईनची सुई होती आणि उजव्या हाताने तू संत्रं सोलत होतास. पाहुणा मी, आजारी तू, आणि फोडी तू मला देत होतास. पायाला सूज होती, बोलताना दम लागत होता.

मी म्हणालो, "प्रल्हाद, तुले एक सांगाचं होतं. शेषरावजीच्या गाडीचं."

तू हात वर केलास. "मीच सांगाचं म्हनून राहिलो होतो तुले. लय दिवसांपासून मनात आहे. माया हातून चूक झाली ते झाली. पन तू फ्यूज टाकला होता म्हनून शेषरावजीचं हातावर निभावलं. नाईतं मानूसच गेला असता. मी कदी तुले तसं म्हटलं नाई." आणि तू माझा हात हातात घेतलास. "बरं केलं बाप्पा त्या दिवशी."

मी काय केलं ते लिहितो. मी फोड तोंडात टाकली. गोड होती. मी म्हणालो, "जाऊ दे ना आता." तू म्हणालास, "तू काय सांगत होता?" मी म्हणालो, "हेच."

त्या भेटीनंतर अकराव्या दिवशी तू गेलास.

तेरवीला शेषराव आले होते. त्यांचा पुतण्या त्यांना गाडीतून घेऊन आला. पंगत उठल्यावर ओट्यावर बसले आणि डाव्या हाताने उजव्याची चिकटलेली बोटं चोळत बोलायला लागले. सगळे ऐकत होते. "माये हात जाळले त्यानं. पन दरसाल आला. विहिरीची मोटर असो, स्टार्टर असो, दुरुस्त करून गेला. चहा कदी पेला नाई. म्हने, तुमच्या घरचा चहा मी कोन्या तोंडानं पेऊ? अंगनातच उभा राहे." मग म्हणाले, "खरं सांगतो, मी त्याले पहिल्याच साली माफ केलं होतं. पन तसं बोललो नाई. बोललो असतो तं आला नसता. मोटर कोनं पाह्यली असती?"

लोकांनी मान हलवली. काही जणांना ते गमतीचं वाटलं. बडनेऱ्याचा तो म्हणाला, "अन् स्टार्टरलेही नखपॉलिश लावलं असन."

तेव्हा मी बोललो. धैर्य आलं असं नाही. ते हसणं मला माझ्याच तोंडात दिसलं. मी म्हणालो, "शेषरावजी, प्रल्हादनं काही केलं नव्हतं. त्याची वायरिंग बरोबर होती. फ्यूज मी कापून फेकला. तुमी घाई करून राहिले होते, अन् मले त्याच्यापेक्षा मोठं दिसाचं होतं."

शेषरावांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, तो हात आत्ताच कोणी त्यांच्या मांडीवर आणून ठेवला असावा तसं.

"म्हंजे बारा साल मी चुकीच्या मानसाले अंगनात उभं ठेवलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "अन् तू हे आता सांगतलं. आता मी कोनाले चहा पाजू?"

त्यांनी मला मारलं असतं तर चाललं असतं. ते उठले आणि पुतण्याला म्हणाले, चल.

मी आत गेलो. मंदावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी खिशातून ते जळालेलं लग काढून त्यांच्यापुढे ठेवलं. बारा वर्षं मी ते गल्ल्याच्या मागच्या कप्प्यात ठेवलं होतं. का ठेवलं होतं, हे मला सांगता येत नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो: अकोटची एसटी, ढिला होल्डर, कमी पडलेली वीतभर वायर. वहिनींनी मध्येच थांबवलं.

"हे मले काहून सांगता भाऊजी? मी कुठं इचारलं होतं तुमाले?" त्यांचे डोळे कोरडे होते. "ज्यानं इचारलं त्याले सांगा."

मग त्यांनी पलंगाखालून तुझा प्लायवूडचा बोर्ड ओढून काढला. "अन् हे घेऊन जा. इतके साल याच्यापाई घरात बसाले जागा नव्हती. जेवन झालं ना तुमचं? मंग या."

बोर्ड मी बसमध्ये मांडीवर ठेवून अकोल्याला आणला. आज पाच दिवस तो दुकानात आहे. बॅटरी मेली होती, नवी लावली. स्विच दाबला. टक् झालं, दिवा लागला. तुझे उलटे तीस आणि सत्त्याऐंशी सरळ केले, पुन्हा टक्, पुन्हा दिवा. परत उलटे करून तास-दोन तास ठेवला, हात लावला. गरम नाही. नखपॉलिश जुनं झालंय, पण रंग ओळखू येतात.

बोर्डाच्या पाठीमागे तुझं अक्षर आहे, पेन्सिलीचं. मला ते दुसऱ्या दिवशी दिसलं. "उलटं लावून पाहिलं. चालते. गरम होत नाही." त्याच्याखाली दुसऱ्या दिवशी लिहिलेलं असावं, पेन्सिल वेगळी आहे: "विल्या म्हणते गाडीत चालत नाही. त्याचं बरोबर असन."

मी ते पुसायला घेतलं होतं, हेही सांगून टाकतो. ओलं फडकं हातात होतं. पाटीवरचं तुझं नाव पुसलं तसंच. मग फडकं खाली ठेवलं.

काल एका गिऱ्हाइकाने विचारलं, हे भिंतीला काय लावलं? मी म्हणालो, रिले शिकवायला आहे. त्याने विचारलं, कोणी बनवलं? मी म्हणालो, एक मित्र होता. तेवढंच म्हणालो. ओट्यावर बोललो म्हणून माझी जीभ सुधारली असं नाही, तुला सांगून ठेवतो. ती पहिल्या संधीला पुन्हा तिच्या जागी गेली. म्हणून हे लिहून छापायला देतो आहे, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकापुढे मला ते वाक्य रचता येणार नाही.

बोर्डावर तू फ्यूज बॅटरीपासून बरोबर एका विताच्या आत लावला आहेस. मी बोटं लावून मोजलं. टेबलावरच्या एका दिव्यासाठी एवढं कोणी करत नाही. फ्यूज उपसून पाहिला, दिवा विझला. परत बसवला, लागला.

तू मूर्तिजापूर रोडच्या दुकानात, हातात नवा होल्डर घेऊन, मला एकच विचारलं होतंस. फ्यूज टाकला का?

नाही, प्रल्हाद. नव्हता टाकला.